जवारीवरचा लेख कुणी वाचलाच नाही, मग त्याची किंमत ठरवली कुणी?

प्रश्न: मिरजवाली

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात तीन रविवार मी इथल्या एका तंबोरा करणाऱ्या कारागिराच्या, म्हणजे चाचांच्या, दुकानात बसले आणि जवारीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला येणाऱ्या गुंजनावर, लेख लिहिला. चाचा घोडीच्या (ज्यावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) माथ्यावर कानस दोनदा फिरवायचे, तार चढवायचे, डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि तार उतरवून पुन्हा कानस हातात घ्यायचे. एकाच घोडीवर सकाळी साडेदहापासून जेवणाच्या वेळेपर्यंत हेच चाललं होतं. मग तारेखाली दोरा घातला, तो केसभर पुढे, केसभर मागे करत एका जागी थांबले, आणि सगळं दुकान गुंजायला लागलं. हे मी १,४०० शब्दांत लिहिलं, स्वतः काढलेले नऊ फोटो जोडले.

लेख टाकला ब्लॉकचेनवर चालणाऱ्या एका लेखनमंचावर. 'चांगल्या लिखाणाला थेट मोबदला' असं तिथे सांगतात. सहा अपव्होट, म्हणजे पसंतीची मतं, आली, रक्कम ०.०१७ डॉलर दिसत होती, सात दिवसांनी तीही शून्य झाली. त्याच सकाळी चहाच्या कपाचा फोटो आणि खाली 'शुभ सकाळ' एवढंच टाकणाऱ्याला १४ डॉलर. जे येईल त्यातलं अर्धं तुमचं, असा शब्द मी चाचांना देऊन बसले आहे. माझं कुठे चुकलं? आणि लिखाणाची कदर होईल अशी काही रीत तिथे आहे का?

उत्तर: कऱ्हाडचा_किरण

ताई, शून्याचं कारण साधं आहे. स्टीम, हाईव्ह अशा लेखनमंचांच्या ब्लॉकचेन साखळ्यांवर ०.०२ डॉलरच्या खालची रक्कम दिलीच जात नाही. आणि १४ डॉलर दिसले तरी लेखकाला त्यातले निम्मेच मिळतात, निम्मे मत देणाऱ्यांत वाटले जातात. टॅग नीट लावा, पहिले महिनाभर इतरांच्या लेखांवर मनापासून प्रतिसाद लिहा. ओळख झाल्याशिवाय तिथे कुणी फिरकत नाही.

उत्तर: रात्रीचा_वाचक

मिरजवाली ताई, तुमचं कुठेच चुकलेलं नाही. दोन वर्षं मी रोज रात्री जेवणानंतर अशा मंचावर नवख्यांचे लेख वाचून मतं दिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे माणशी एक मत नसतं. ज्याच्या खात्यात जितकी टोकनं, म्हणजे मंचाचं डिजिटल चलन, अडकवलेली, तितकं त्याच्या मताचं वजन; याला तिथे 'पॉवर' म्हणतात. याला कारणही आहे. माणशी एक मत ठेवलं, तर एकच माणूस हजार खाती उघडून बसेल, आणि साखळीला माणूस ओळखता येत नाही. स्टीम २०१६ साली सुरू झालं तेव्हा तर मोबदला मतांच्या वर्गाने वाढायचा: दहापट मतं पडली की जवळपास शंभरपट पैसे. मूठभर बड्या खात्यांनी ज्यावर बोट ठेवलं तो लेख मालामाल, बाकीच्यांना धूळ. जून २०१७ मध्ये ते बदलून सरळ हिशोब आणला. पण सरळ हिशोबात मताचा भाव आधीच काढता येतो, आणि भाव काढता आला की बाजार भरतोच. मग बोली लावायचे बॉट, म्हणजे आपोआप मत देणारे प्रोग्रॅम, आले. बॉटला टोकनं पाठवायची, तो तुमच्या लेखाला मत देणार. लेखात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता जे सांगतो ते मला आजही बोचतं. २०१८ मध्ये चार महिने मीही माझी सगळी पॉवर अशा एका बॉटला वापरायला दिली होती. रोज सकाळी खात्यात काहीतरी जमा व्हायचं. त्या चार महिन्यांत मी एकही लेख वाचला नाही. मी लेख शोधतो हे ठाऊक असलेला एक तरुण मिठागरांवर लिहायचा. आगरातलं पाणी कधी गुलाबी दिसायला लागतं, फावड्याने मीठ ओढताना पायाच्या भेगांचं काय होतं, असं सगळं. मी परत वाचायला लागलो तोवर त्याने लिहिणं थांबवलं होतं. त्याचे शेवटचे पाच लेख मी एका रात्रीत वाचले. मत देऊन उपयोग नव्हता, मताला मोबदला मिळायची सात दिवसांची मुदत कधीच टळली होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलले. लेखकाचा वाटा ७५ टक्क्यांवरून ५० वर आला, वाचून निवडणाऱ्याचा २५ वरून ५० वर. शिवाय काही डाउनव्होट, म्हणजे विरोधी मतं, फुकट मिळाले, म्हणजे स्वतःचं नुकसान न करता विकतच्या मतांना कात्री लावता येऊ लागली. लेखकाचा वाटा कापला म्हणून तेव्हा खूप ओरड झाली. मला तो बदल योग्य वाटला आणि अजूनही वाटतो. वाचणं हे कष्टाचं काम आहे, त्याला दाम मिळाला तरच कुणी मत विकायचं सोडून वाचायला बसेल. मार्च २०२० मध्ये स्टीममधून हाईव्ह वेगळं निघालं, तेही हाच निम्मा-निम्मा वाटा घेऊन.

तरी नियमांनी अर्धंच काम होतं. दिवसाला पूर्ण ताकदीची दहाच मतं असतात, एका मताला दोन टक्के पॉवर खर्च होते आणि दिवसभरात वीस टक्के भरून येते. मराठी येणाऱ्या कुणाकडे मोठी पॉवर नसेल, तर तुमची जवारी कुणाला ऐकू येणार? आम्ही पाच जणांनी आमची थोडीथोडी पॉवर एका खात्याकडे दिली. मत देण्याआधी दोघांनी लेख पुरता वाचायचा, मधलं एखादं वाक्य शोधयंत्रात टाकून ते उचललेलं नाही ना बघायचं, आणि मत दिल्यावर खाली प्रतिसादात लिहायचं की नेमकं काय आवडलं. नुसतं 'छान लेख' लिहायला बंदी. त्या शेवटच्या नियमाने सगळ्यात जास्त फरक पडला, कारण न वाचता तसं लिहिताच येत नाही.

चाचांच्या वाट्याचं म्हणाल तर त्याची सोय साखळीतच आहे. लेख टाकताना 'बेनिफिशियरी' म्हणून दुसरं खातं जोडून ५० टक्के लिहायचे, मोबदल्यातला तो हिस्सा थेट तिकडे जातो. मात्र हे लेख टाकतानाच करायचं, मतं पडल्यावर जमत नाही. चाचांच्या घरातल्या कुणाला तरी खातं उघडून द्या.

उत्तर: हिशोबी

एक गोष्ट राहिली. हातात येणाऱ्या रकमेचा काही भाग पॉवरमध्ये अडकलेला असतो, आणि तो सोडवायला हाईव्हवर १३ आठवडे लागतात. टोकन विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. चाचांना आकडा सांगाल तो हे सगळं धरून सांगा.

मिरजवाली

सगळ्यांचे आभार. वाचकदादा, तुमचं उत्तर काल रात्री दोनदा वाचलं. आज दुकानात जाऊन चाचांना पैशाचं खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "पैशाचं राहू दे, लिहिलंय काय ते वाच." सगळा लेख वाचून दाखवला. त्यांनी एकच चूक काढली. मान हलवली की 'जमलं नाही' असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, तेव्हा ते षड्जाच्या आत लपलेला गंधार शोधत असतात.

त्यांच्या नातीने खातं उघडलं आहे. पुढचा लेख भोपळ्यांवर आहे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा माल दुकानात येऊन पडला आहे आणि वाळलेले भोपळे चाचा बोटाने वाजवून निवडतात. यावेळी ५० टक्के आधीच लिहीन. टाकला की इथे दुवा देते. दादा, तुम्ही वाचाल ना?