झांबियाचा अंधार : पाऊस, कर्ज की नालायकी?

तांबडी_माती

काल दुसऱ्या धाग्यावर हिशेबनीस यांनी लिहिलं : "गरीब देशांना हवामानबदल ही छान पळवाट सापडली आहे. आधी कर्ज काढून चैन करायची, मग पाऊस पडला नाही म्हणून श्रीमंतांपुढे हात पसरायचे. झांबिया बघा." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी औषधांच्या व्यापारात होतो, झांबियाच्या राजधानीत, लुसाकात. २०२४चा दुष्काळ तिथेच काढला. त्यामुळे 'चैन' हा शब्द काही केल्या पचत नाही.

आता चैनीचा हिशेब. २०१२ मध्ये झांबियाने पहिल्यांदा डॉलरमधले कर्जरोखे काढले, ७५ कोटींचे. तांब्याला भाव होता, म्हणून साडेपाच टक्क्यांच्या आसपास पैसे मिळाले. २०१४ ला आणखी १०० कोटी, २०१५ ला १२५ कोटी. तोवर तांबं घसरलं होतं आणि व्याज नऊ टक्क्यांना टेकलं होतं. शिवाय चीनचं कर्ज वेगळं. त्यातून रस्ते झाले, विमानतळ झाला आणि काफू नदीवर ७५० मेगावॉटचा काफू गॉर्ज लोअर प्रकल्प उभा राहिला. वीज तयार करायला कर्ज काढलं, साहेब. वराती नाही काढल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश दिवाळखोर ठरला. २०२१च्या सुरुवातीला कर्जाच्या पुनर्रचनेचा अर्ज केला. सरकारी सावकारांशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांशी, मुख्यतः चीनशी, जून २०२३ मध्ये जमलं. रोखेधारकांशी केलेली तडजोड याच सरकारी सावकारांनी त्या वर्षाअखेरीस मोडली. रोखेधारकांशी नव्याने मिटेपर्यंत जून २०२४ उजाडला. साडेतीन वर्षं ज्याची पत शून्य, त्याला सौर प्रकल्पासाठी कोण दारात उभं करणार?

आणि नेमका त्याच काळात पाऊस गेला. कणसात दाणा भरायच्या वेळी आभाळ कोरडं. २९ फेब्रुवारीला अध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. २२ लाख हेक्टर मक्यातला जवळपास १० लाख हेक्टर करपला होता. त्याआधीच लुसाकात कॉलऱ्याने थैमान घातलेलं, अख्खं हीरोज स्टेडियम दवाखाना झालेलं. देशाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर, आणि करिबा धरणाचा वापरण्याजोगा साठा दहा टक्क्यांवर आलेला.

वीज यायची ती रात्री एक-दीडला, दोन-तीन तास. आमच्या गोदामामागे फाटकं बनवणारा वेल्डर होता. वीज आली की त्याचा ग्राइंडर सुरू, आणि दिवसा तो दुकानाच्या दारात पुठ्ठ्यावर झोपलेला. शेजारची बाई गोठवलेल्या कोंबड्या विकायची. तिने फ्रीझरमध्ये पोरांचे शाळेचे कपडे घडी करून ठेवले होते. हे हात पसरणारे लोक का?

हिशेबनीस

वेल्डरबद्दल वाईट वाटलं. पण वेल्डर सांगितला की मुद्दा सिद्ध झाला, असं नसतं.

एक. हा काही पहिला दुष्काळ नव्हे. २०१५ ला धरण आटलं, लोडशेडिंग झालं. २०१९ ला पुन्हा तेच. दोनदा ठेच लागूनही पैसे आले की पाण्यावरच्याच वीजकेंद्रात घालायचे, याला मी नालायकी म्हणतो. तुमचं काफू गॉर्ज लोअर माझ्याच बाजूने साक्ष देतंय.

दोन. या दुष्काळाचा अभ्यास वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशनच्या, म्हणजे आपत्तीत हवामानबदलाचा हात किती हे तपासणाऱ्या गटाच्या, शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्येच केला. त्यांचा निष्कर्ष : मुख्य कारण अल निनो, हवामानबदल नव्हे. ही मंडळी काही तेल कंपन्यांची नाहीत.

तीन. २०२५ ला पाऊस झाला आणि मक्याचं विक्रमी पीक आलं, ३६ लाख टनांच्या वर. देश बुडाला वगैरे काही नाही.

आणि अंधारात जे दिवे लागले, त्यात माम्बाच्या कोळशावरच्या ३०० मेगावॉट वीजकेंद्राचा वाटा होता. मालकी बहुतांशी हैदराबादच्या नवभारत कंपनीची. कोळसा. पर्यावरणवाद्यांनी हे जरूर लिहून ठेवावं.

तांबडी_माती

अल निनोचं बरोबर आहे, मान्य. तुम्ही अहवाल वाचता हे बघून आनंद झाला, आता शीर्षकही पूर्ण वाचत जा. त्यात 'अत्यंत असुरक्षित देश' असंही लिहिलंय. अल निनो तुमच्याकडेही येतो. तुमचा फ्रीझर बंद पडतो का? एकाला झळ लागते आणि दुसरा होरपळतो, हा फरक पैशाचा आहे. हवामानाचा मार आणि कर्जाचा मार वेगवेगळ्या वहीत लिहिता येत नाही, एवढंच मी म्हणतोय.

आणि मदत काय मिळाली? नाणेनिधीने आधीचं १३० कोटी डॉलरचं कर्ज दुष्काळ बघून १७० कोटींपर्यंत वाढवलं. तापावर औषध म्हणून आणखी ताप.

भाकरतुकडा

मला एक कळत नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. कमी पाण्यात येते, पोषणाला चांगली. मग हे लोक तहानलेल्या जमिनीत मका का लावतात? आपल्याकडेही तेच : ज्वारी सोडली आणि सोयाबीन-उसाच्या मागे लागले. अर्धं संकट ताटातलं आहे. लोकांनी भाकरी खाल्ली तर ना कर्ज लागेल ना मदत.

माळावरचा

ताई, ज्वारी शेवटची कधी काढलीत?

मी मंगळवेढ्याकडचा. घरी मालदांडी पिकते, अजून पिकवतो, म्हणून बोलतोय. काढणीला माणूस मिळत नाही. वाकून वाकून ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. दाणा हुरड्यात आला की सकाळ-संध्याकाळ गोफण घेऊन पाखरं राखायची. एवढं करून बाजारात नेली तर व्यापारी असा बघतो, जणू उधार मागायला आलोय. आम्ही कडब्यासाठी पेरतो, दाणे वरकड. पुण्यात बसून मिलेटची बिस्किटं खाणाऱ्यांनी आम्हाला पीक शिकवू नये.

भाकरतुकडा

मी पुण्यात राहत नाही आणि बिस्किटं खात नाही. भाव मिळत नाही हा सरकारचा दोष, ज्वारीचा नाही. उसाला पाणी देताना कुणी मजुराचं रडगाणं गात नाही, ते कसं?

माळावरचा

उसाला टोळी कारखाना पाठवतो. ज्वारीला तुम्ही येताय का?

तांबडी_माती

विषय कुठे चाललाय ते दिसतंय, तरी राहवत नाही म्हणून सांगतो. झांबियातही माळावरचांचंच म्हणणं खरं आहे. तिथे क्वेलिया म्हणून चिमणीएवढा पक्षी आहे. त्याचे थवेच्या थवे उतरतात, ज्वारीचं शेत बघता बघता साफ. मक्याचं कणीस पानांत झाकलेलं, म्हणून वाचतं. त्यात सरकार बियाणं-खत सवलतीत देणार ते मुख्यतः मक्याला, अन्नसाठा महामंडळ हमीभावाने खरेदी करणार तेही मुख्यतः मक्याची. शहरात न्शिमा, म्हणजे पीठ शिजवून केलेला रोजच्या जेवणातला घट्ट गोळा, पांढराशुभ्र हवा. 'ब्रेकफास्ट मील' म्हणून कोंडा काढलेलं पीठ मिळतं, ते घरात असणं म्हणजे बरं चाललंय. ज्वारीचा न्शिमा पाहुण्याला वाढला तर पाहुणा चेहऱ्यावर दाखवत नाही, पण घरी जाऊन सांगतो.

ग्वेम्बे खोऱ्यातले टोंगा लोक अजून ज्वारी-बाजरी करतात. हे तेच लोक, ज्यांना १९५०च्या दशकात करिबा धरणासाठी उठवलं. दोन्ही काठांवरची मिळून ५७ हजार माणसं. त्यांच्या कितीतरी गावांत अजून वीज नाही. तेव्हा २०२४ ला लोडशेडिंगचा त्रास झाला नाही असा समाज दाखवायचा तर हाच.

कोयनाकाठ

हे टोंगांचं वाचून थांबलो. आमचं गाव कोयनेत गेलं. आजोबा म्हणायचे, मुंबईचे दिवे आमच्या चुलीवर पेटले. यापुढे लिहीत नाही, नाहीतर धागा माझाच होईल.

हिशेबनीस

झालाच आहे. ज्वारी, पाखरं, कोयना. मूळ प्रश्न कर्जाचा होता.

तांबडी_माती, मक्याची सवलत निवडणुका जिंकायला वाटली जाते हे तुम्ही स्वतःच सांगितल्यासारखं आहे. नालायकी हा शब्द तुम्ही गाळलात, एवढंच. आणि बाहेरून पैसे मिळाले तर ते पुन्हा याच मक्यात जाणार नाहीत याची हमी कोण देणार?

तांबडी_माती

हमी कुणीच देत नाही. तुम्हाला गृहकर्ज देताना बँकेने तुमच्या आमदाराची हमी मागितली होती का?

माळावरचा

ज्वारी असो की मका, दळायला गिरणी लागते. गिरणीला वीज. तिथे काय करत होते?

तांबडी_माती

रांग. वस्तीतल्या गिरण्या वीज येईल तेव्हा चालू. बायका डोक्यावर मका घेऊन रात्री जायच्या, डबे-पोती नंबरात लावून तिथेच पडून राहायच्या. ज्याच्याकडे डिझेलची गिरणी तो राजा, दर तो सांगेल तो. आणि स्वयंपाकाला लाकडी कोळसा, म्हणजे वीज गेली की जंगल गेलं. दुसरीकडे देशातली निम्म्याच्या आसपास वीज तांब्याच्या खाणी खातात. त्यांना अंधारात ठेवलं तर डॉलर येत नाहीत, डॉलर नाहीत तर हप्ता नाही. मग अंधारात कोण राहणार, हे ठरलेलंच. तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरला तांबं लागतं ना, हिशेबनीस?

रोखेबाज

माझं कामच रोख्यांचं आहे, म्हणून थोडं. ग्रेनाडाच्या रोख्यांत वादळाचं कलम होतं : मोठं वादळ आलं तर हप्ते पुढे ढकलायचे. २०२४ ला बेरिल वादळ आलं आणि त्यांनी ते वापरलं. कुणी बुडालं नाही. झांबियाच्या नव्या रोख्यांत उलटं कलम आहे. देशाची कर्ज फेडायची ताकद सुधारली, तर सावकारांना जास्त पैसे आणि तेही लवकर. देशाचं बरं झालं की वाटा मागायला हे हजर.

हिशेबनीस

ग्रेनाडासारखं कलम सर्रास असावं, हे मान्य. त्यासाठी व्याज थोडं जास्त पडेल, तेही मोजा. 'चैन' हा शब्द मागे घेतो. 'नालायकी' नाही घेत. त्या विमानतळाबद्दल तुम्ही पुढे एक अक्षर बोलला नाहीत.

तांबडी_माती

विमानतळ मोठा आहे, चकचकीत आहे, आणि तिथे गर्दी मी कधी पाहिली नाही. घ्या, लिहून ठेवा.

भाकरतुकडा

माळावरचा, टोमणे बाजूला ठेवून विचारते, मालदांडी थेट तुमच्याकडून मिळेल का? वर्षाला दोन पोती लागतात आम्हाला.

माळावरचा

मिळेल की. काढणीला या, तुमची एक पात धरून ठेवतो. कडबा पण न्यावा लागेल.