विषय: स्कॉटलंडचा मैत्री-दौरा आणि मंडळाचा पाहुणचार

प्रेषक: कार्यवाह, बडोदे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

रावपुऱ्यात वाढलेली आणि लग्नानंतर कॅनडात कॅल्गरीला स्थायिक झालेली आपली एक सभासद तिथल्या महिलांच्या कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) संघातून खेळते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. येत्या फेब्रुवारीत तिचा संघ स्कॉटलंडच्या मैत्री-दौऱ्यावर जात असून एअरशायर आणि ग्लासगो परिसरातील क्लबांशी त्यांचे सामने ठरले आहेत. त्या भागात राहणाऱ्या बडोदेकर कुटुंबांनी एका संध्याकाळी संघाला जेवायला बोलवावे, आणि यजमान खेळाडूंना देण्यासाठी बडोद्याहून एखादी छोटी भेट यावी, अशी तिची इच्छा आहे. खर्च मंडळाच्या निधीतून करावा की इच्छुकांच्या वर्गणीतून, याविषयी कृपया रविवारपर्यंत मत कळवावे. उत्तर थोडक्यात असले तर सोयीचे होईल.

आपला,
कार्यवाह


प्रेषक: काका, दांडिया बाजार, बडोदे

कार्यवाहांस नमस्कार.

उत्तर थोडक्यात देता येणार नाही, राग नसावा. मुलीचे मला कौतुकच आहे. तिच्या आजोबांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. परंतु ज्या दौऱ्यात पंच नाही, पदक नाही आणि हरल्या-जिंकल्याचे कोणाला सोयरसुतक नाही, त्याला क्रीडा-दौरा म्हणावे की सहल, हा माझा प्रश्न आहे, आणि सहलीसाठी सार्वजनिक निधीला हात लावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरातून पिढ्या घडवल्या, त्या गावच्या मंडळाला खेळाचे वावडे असण्याचे कारण नाही. पण इथे मल्लखांब आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींना बूट आणि खुराक मिळवून देणे हे आपल्या आवाक्यातले आणि आपल्या डोळ्यांसमोरचे काम आहे. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, त्या शहराच्या मंडळाने बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळासाठी पैसे का द्यावेत, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. समजले, तर विरोध मागे घेईन.

आपला,
काका


प्रेषक: आपली सभासद, कॅल्गरी

काकांना सादर नमस्कार.

प्रवासाचा खर्च आम्ही प्रत्येकी स्वतः करणार आहोत आणि मंडळाकडे तिकिटासाठी एक रुपयाही मागितलेला नाही, हे आधी नोंदवते. आता पंचांविषयी.

क्लबच्या सामन्यात पंच नसतो, कारण पंचाचे काम खेळाडूंनीच करावे अशी या खेळाची रीत आहे. दगडापुढचा बर्फ झाडताना माझ्या झाडूचा किंवा बुटाचा सरकत्या दगडाला ओझरता स्पर्श झाला, तर तो मी स्वतः जाहीर करायचा असतो. समोरच्या संघाने आक्षेप घेण्याची वाट पाहणे अप्रतिष्ठेचे मानतात. डाव संपल्यावर बर्फाच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या केंद्राच्या सर्वांत जवळ कोणाचा दगड आहे, म्हणजे गुण कोणाला, हे दोन्ही संघांच्या उपकर्णधार आपसांत ठरवतात, आणि नजरेने ठरले नाही तरच मोजणीचे उपकरण आणले जाते. सामना हातचा गेला असे दिसू लागले, की कर्णधाराने, म्हणजे आमच्या भाषेत स्किपने, स्वतःहून हात पुढे करून तो सोडून द्यावा, यात कोणी कमीपणा मानत नाही. उलट निकाल लागल्यावरही उगीच ताणत बसणे असभ्य समजले जाते. हे सारे ऑलिंपिकच्या पातळीवरही पुष्कळसे टिकून आहे, जरी तिथे पंच असतात.

मैत्री-दौऱ्याला सहल म्हणण्यापूर्वी काकांनी त्याचा इतिहासही विचारात घ्यावा, अशी विनंती आहे. या खेळाची स्कॉटलंडमधील मध्यवर्ती संस्था १८३८ साली एडिंबरोत स्थापन झाली आणि १८४३ साली राणी व्हिक्टोरियाच्या अनुमतीने तिच्या नावापुढे ‘रॉयल’ लागले. याच संस्थेच्या पुरुष खेळाडूंचा एक संघ १९०२-०३ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या दौऱ्यावर आला होता, आणि त्या दौऱ्याशी निगडित असलेल्या स्ट्रॅथकोना चषकासाठी दोन्ही देशांचे पुरुष संघ आजही आळीपाळीने एकमेकांकडे जातात. पुरुषांचे कर्लिंग १९२४ साली शामोनीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळले गेले. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा मात्र १९७९ साली स्कॉटलंडमधील पर्थला भरली, आणि ऑलिंपिक पदकांसाठी खेळण्याची संधी त्यांना १९९८ साली नागानोत मिळाली. त्याआधीच्या पिढ्यांतील स्त्रियांना दुसऱ्या देशाच्या बर्फावर खेळायचे असेल, तर परस्परांच्या निमंत्रणाखेरीज फारसा मार्ग नव्हता. आमच्या क्लबातील सर्वांत ज्येष्ठ बाई या दौऱ्याकडे त्याच दृष्टीने पाहतात, आणि संघात त्यांचे नाव सर्वांच्या आधी घातले गेले आहे.

निकालाचे सोयरसुतक नाही, असेही नाही. दौऱ्यातील सर्व सामन्यांच्या गुणांची बेरीज करून अखेरीस विजेता ठरवायचा, असे यजमानांशी ठरले आहे, त्यामुळे हरत असलेल्या सामन्यातही शेवटच्या डावातला एकेक गुण राखावा लागतो. यामुळे सामना सोडून देण्याची सवय दौऱ्यापुरती बाजूला ठेवावी लागणार, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली.

आपली,
रावपुऱ्याची मुलगी


प्रेषक: मावशी, बाबाजीपुरा, बडोदे

सर्वांस नमस्कार.

निधीचे पुरुषमंडळींनी ठरवावे, असे म्हणण्याचे दिवस गेले, म्हणून मीही लिहिते. मी टीव्हीवर हा खेळ पाहिला आहे. दगड सोडल्यावर दोघीजणी त्याच्यापुढे इतक्या जिवाच्या आकांताने झाडू का मारतात, दगड सरळ जाता जाता वळतो कशाने, आणि माझ्या वयाच्या बाईला हा खेळ खेळता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यास आभारी होईन. गुडघे दुखतात, हे लक्षात घेऊन तिसऱ्याचे उत्तर द्यावे.

आपली,
मावशी


प्रेषक: निवृत्त प्राध्यापक, पदार्थविज्ञान, बडोदे

मावशींस आणि सर्वांस नमस्कार.

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. कर्लिंगचे मैदान गुळगुळीत बर्फाचे असते हा समज बरोबर नाही. सुमारे ४५ मीटर लांब आणि ५ मीटरपर्यंत रुंद अशा त्या पट्टीवर सामन्यापूर्वी पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म उंचवटे तयार होतात, आणि दगड या उंचवट्यांच्या माथ्यावरून सरकतो. दगडाचा तळही सपाट नसून खोलगट असतो, त्यामुळे बर्फाला त्याची केवळ एक अरुंद, वर्तुळाकार कड टेकते. साधारण १७ ते २० किलो वजनाचा तो दगड अशा कडेवर तोलून, हलकीशी गिरकी देऊन सोडला जातो. झाडूच्या घर्षणाने समोरचा बर्फ किंचित तापतो, घर्षण घटते, आणि दगड अधिक दूर आणि अधिक सरळ जातो. म्हणजे झाडणाऱ्या दोघी दगडाला हात न लावता त्याचा पल्ला आणि मार्ग दोन्ही बदलत असतात, आणि किती झाडायचे हे पलीकडच्या टोकाला उभी असलेली स्किप ओरडून सांगत असते.

वळण्याचा प्रश्न याहून रंजक आहे. जेवणाच्या टेबलावर काचेचा पेला पालथा घालून, त्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देऊन पुढे ढकलला, तर तो डावीकडे वळतो. कर्लिंगचा दगड तशीच गिरकी दिल्यावर उजवीकडे वळतो, म्हणजे पेल्याच्या नेमका उलट. पेल्याच्या बाबतीत पुढची कड टेबलावर जास्त दाबली जाते आणि तिथे घर्षण वाढते, हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. दगडाच्या बाबतीत ते उलटे पडते. पुढच्या कडेखाली बर्फ किंचित वितळून तिथले घर्षण कमी होते असा एक पक्ष आहे, तर तळाच्या खडबडीत कडेने उंचवट्यांवर सूक्ष्म ओरखडे उठतात आणि मागची कड त्या ओरखड्यांच्या आधाराने बाजूला सरते, असा स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी मांडलेला दुसरा पक्ष आहे. इतक्या साध्या दिसणाऱ्या गतीवर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. पेल्याचा प्रयोग मी घरी करून दाखवीन. पेला मात्र ज्याचा त्याने आणावा.

आपला,
प्राध्यापक


प्रेषक: आपली सभासद, कॅल्गरी

मावशी, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. दगडाच्या मुठीला अडकेल अशी लांब काठी मिळते, तिने उभ्याने दगड सोडता येतो आणि गुडघा टेकावा लागत नाही. कॅनडातील कितीतरी क्लबांत ज्येष्ठ खेळाडू तशाच खेळतात. चाकाच्या खुर्चीवरून खेळला जाणारा प्रकार तर २००६ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, त्यात झाडू मारत नाहीत, आणि संघात स्त्रिया व पुरुष एकत्र असतात. तुम्ही कॅल्गरीला याच.


प्रेषक: आपले सभासद कुटुंब, एअर, स्कॉटलंड

सर्वांस स्नेहपूर्वक नमस्कार.

जेवणाची जबाबदारी आम्ही आनंदाने घेतो. परंतु पत्रव्यवहारात एक गोष्ट सुटली आहे, ती लक्षात आणून देणे आवश्यक वाटते. इथल्या रिवाजाप्रमाणे सामन्यानंतर दोन्ही संघ एका टेबलावर बसतात, प्रत्येक खेळाडू शक्यतो आपल्याच जागेवर खेळलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूशेजारी बसते, आणि जिंकलेल्या संघाने हरलेल्यांना पेयपान करवायचे असते. त्यामुळे केवळ पाहुण्या संघाला घरी बोलावून यजमान क्लबच्या बायकांना वगळले, तर आपल्याला वाटेल तो पाहुणचार, पण त्यांना वाटेल तो अपमान. दोन्ही संघांना बोलवावे लागेल, आणि पाने दुप्पट मांडावी लागतील. पेयाबाबत चिंता नसावी. मंडळाच्या नियमात बसेल असे कोकम सरबत चालेल, जिंकलेल्यांनी ते आपल्या हाताने दिले म्हणजे झाले. तिखट कमी ठेवू, मात्र शेव-उसळीच्या तर्रीशी तडजोड करणार नाही. ती वेगळ्या वाटीत देऊ.

ज्यांना शक्य असेल त्यांनी पाहुण्यांबरोबर किनाऱ्यावरही यावे. स्वच्छ हवेत समुद्रात आयल्सा क्रेग नावाचे घुमटाकार बेट दिसते, आणि ऑलिंपिकमध्ये वापरले जाणारे दगड त्याच बेटाच्या ग्रॅनाइटचे असतात. तिथला निळसर, बारीक कणांचा ग्रॅनाइट पाणी जवळजवळ शोषत नाही. एरवी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी गोठून तळाची कड फुटली असती. बेटावर आता समुद्रपक्ष्यांची वसाहत असल्याने सुरुंग लावत नाहीत, सुटे पडलेले धोंडे अधूनमधून बोटीने आणले जातात, आणि ते मॉखलिन या गावी घडवले जातात. संघातील बायकांना ते गाव पाहायचे आहेच. आम्हाला स्वतःला या खेळाची गोडी लागली ती २००२ साली, सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्रिटनच्या रोना मार्टिन यांनी अखेरच्या दगडावर स्वित्झर्लंडवर विजय मिळवला तेव्हा. त्या रात्री इथली निम्मी गल्ली जागी होती. पुढे २०२२ साली ईव्ह म्यूरहेड यांच्या संघाने जपानवर १०-३ असा मोठा विजय मिळवून पुन्हा सुवर्णपदक आणले, पण तो सामना एकतर्फी झाल्यामुळे पाहायला तितकी मजा आली नाही, असे माझे वैयक्तिक मत आहे.

आपले,
एअरचे कुटुंब


प्रेषक: काका, दांडिया बाजार, बडोदे

कार्यवाहांस नमस्कार.

पंच नसताना स्वतःची चूक स्वतः सांगायची, ही गोष्ट मला पटली, आणि ती आमच्या आखाड्यातल्या शिस्तीला धरूनच आहे. निधीबाबत मात्र मी आपल्या मतावर कायम आहे: जेवण आणि भेट दोन्ही वर्गणीतून व्हावेत, आणि माझी वर्गणी आज संध्याकाळी पोहोचेल. त्याखेरीज एक अट आहे. खेळाडू मुलीने दौऱ्यावरून परतल्यावर इथल्या व्यायामशाळेतील मुलींशी एक तास व्हिडिओवर बोलावे, आणि दगड, झाडू, बूट हे सारे दाखवावे. बडोद्याच्या चिमणाबाई महाराणी १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्या गावच्या मुलींना परदेशी दौऱ्यावर गेलेली आपल्यातलीच एक बाई प्रत्यक्ष बोलताना दिसली, तर भाषणाची गरज थोडी कमी होईल.

आपला,
काका


प्रेषक: कार्यवाह, बडोदे

सर्व सभासदांस नमस्कार.

आलेली मते पाहता निधीतून खर्च करू नये असे ठरले आहे. जेवणाची व्यवस्था एअरचे कुटुंब आणि ग्लासगोतील इच्छुक कुटुंबे मिळून करतील, निमंत्रण दोन्ही संघांना जाईल. कर्लिंगपटू एकमेकींना क्लबचे बिल्ले देतात, असे रावपुऱ्याच्या मुलीने दूरध्वनीवर सांगितले, म्हणून भेट म्हणून लक्ष्मीविलास राजवाड्याचे चित्र असलेले धातूचे बिल्ले करून घेऊ; सोबत बडोद्याचा लिलो (हिरवा) चिवडा द्यावा अशी सूचना होती, परंतु तो ओलसर असल्याने कुरिअरच्या प्रवासात टिकणार नाही, तेव्हा त्याऐवजी भाकरवडी पाठवावी. काकांची अट रावपुऱ्याच्या मुलीने मान्य केली असून व्हिडिओसाठी मार्चमधील एखादा रविवार, बडोद्याच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता, तिला सोयीचा आहे. व्यायामशाळेत पडदा आणि इंटरनेट यांची सोय कोण करेल, ते कृपया या आठवड्यात कळवावे. मावशींनी स्वतःहून चहाची जबाबदारी घेतली आहे.

आपला,
कार्यवाह