शब्दचर्चा: छिलाई, कोरीव काम, खोदकाम, उठाव

पाटलीकाठ
जळगावच्या सराफ बाजारात पाटलीवरच्या कुठल्याही नक्षीला सर्रास 'छिलाई' म्हणतात. पावतीवर कधी 'कोरीव', कधी 'खोदकाम' असतं. हे शब्द एकाच कामाचे की वेगवेगळ्या?

चपडीलाख
वेगवेगळ्या. पहिला प्रश्न एकच विचारायचा: सोनं निघतं की नुसतं सरकतं?

उठावाच्या कामात ते सरकतं. पत्रा राळेवर बसवून मागून ठोशांनी फुगवतात, मग पुढून आकार बांधतात. वजन जात नाही. याला 'कोरीव' म्हणणं चूकच.

कोरण्यात सोनं निघतं. कोरणीची मूठ तळव्यात धरून पुढे ढकलतात आणि टोकापुढे बारीक कीस उठतो. छिलाई हा कोरण्याचाच एक प्रकार. सपाट, आरशासारखी घासलेली कोरणी तिरकी धरून उथळ काप घेतात. प्रत्येक काप चमकतो, कारण अवजाराची झिलई थेट सोन्यावर उतरते. नंतर बफ (पॉलिशचं कापडी चाक) मारला तर कापांच्या कडा गोल होतात आणि ती चमक मरते. म्हणून आधी पॉलिश, शेवटी छिलाई.

खोदकाम त्याहून खोल. त्यात नुसती रेघ नसते, नक्षीतली सगळी जमीन (सपाट पृष्ठभाग) खाली नेतात. मीनाकामाची घरं अशी साधारण 0.3 मिमी खोल करतात. उथळ राहिली तर घासताना मीना पातळ होतो आणि खालचा धातू दिसू लागतो.

तापीथडी
बराबर शे भाऊ. पण गिऱ्हाइकाला घटीची काळजी असते. कोरण्यात किती सोनं जातं?

चपडीलाख
हिशोब करता येतो. 90 अंशांची कोरणी 0.1 मिमी खोल गेली की रेघ 0.2 मिमी रुंद होते, म्हणजे छेद 0.01 चौ.मिमी. अशा एक मीटर रेघेतून 10 घन मिमी धातू निघतो. 22 कॅरेटची घनता सुमारे 17.7 धरली तर 0.18 ग्रॅमच्या आसपास. एकूण दहा सेंटिमीटर रेघ लागणाऱ्या नावाला 18 मिलिग्रॅम. खोदकामात जमीनच जाते, म्हणून तिथे घट आधी ठरवून घ्यावी. कीस कागदावर झेलून परत मुशीत जातो. जो खाली सांडतो त्यावर झारेकऱ्यांचं (सराफ बाजारातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्यांचं) पोट चालतं, हेही त्याच बाजारातलं एक नेमकं नाव.

बारीकरेघ
'कोरणीला धार लावली' एवढं म्हणणं अपुरं आहे. चौकोनी कोरणीचं तोंड 45 अंशांवर कापतात आणि खाली 15 ते 20 अंशांची बारीक टाच (टोकामागचा छोटा उतार) घासतात. टाच नसेल तर टोक धातूत घुसतच जातं आणि मोडतं. टाच लांब झाली तर वळणावर ती बाहेरच्या कडेला घासते आणि रेघेशेजारी पांढुरका ओरखडा उमटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवली की वळण स्वच्छ निघतं. धार तपासायची अंगठ्याच्या नखावर: हलक्या स्पर्शात टोक धरलं पाहिजे, घसरलं तर परत दगडावर. टोकाला कणभर खपली उडाली असेल तर कापाच्या पोटात समांतर चरा दिसतो. तो दिसताच थांबावं.

वळणावर हात फिरवायचा नाही, काम फिरवायचं. दागिना लाखेच्या दांडीवर बसवतात तो याचसाठी. लाख मऊ राहिली तर काम हलतं, म्हणून पूर्ण थंड होऊ द्यावी. काम झाल्यावर दांडी हलकी गरम करून दागिना सोडवावा आणि उरलेली लाख स्पिरिटमध्ये भिजवून काढावी. खरवडली तर नवे ओरखडे येतात.

24 कॅरेट आणि शुद्ध चांदी कोरणीला चिकटतात, कडेला कंगोरा उठतो. 22 कॅरेट बरं कापतं, 18 कॅरेट त्याहून कडक आणि रेघ जास्त टोकदार. टोकाला तेलाचा थेंब दिला की चिकटणं कमी होतं.

ताम्रपट
अक्षरांसाठी जुना शब्द 'उत्कीर्ण'. ताम्रपटांच्या शेवटी मजकूर लिहिणारा आणि तो उत्कीर्ण करणारा असे दोघे वेगळे नोंदलेले सापडतात. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा चांगदेवाचा (भास्कराचार्यांच्या नातवाचा) लेख दगडावरचा, पण त्यालाही 'कोरलेला' म्हणतो, 'छिललेला' नाही. नावासाठी 'नाव कोरणे' हाच शब्द राहू द्यावा.

देवनागरीत माझं मत असं, की उभ्या रेघा आधी आणि शिरोरेषा शेवटी. उभ्या रेघांच्या वरच्या टोकाचे कंगोरे शिरोरेषेच्या कापात साफ होतात. आधी शिरोरेषा काढली तर खालून येणारी कोरणी त्या चरात निसटते आणि वर ओरखडा जातो. आखणी पांढऱ्या रंगाच्या पातळ थरावर सुईने करावी. मोहरेसाठी मात्र अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, आणि तिथे शब्द 'खोदणे'च योग्य, कारण लाखेत अक्षर उठायला खोली लागते.

पाटलीकाठ
आणि हॉलमार्कचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक? तोही 'कोरलेला' म्हणतात.

बारीकरेघ
ते सहा अंक-अक्षरं लेझरने उमटवतात, कोरणी लागत नाही. 'लेझरने उमटवलेला' लिहावं. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यांच्या विक्रीला तो सक्तीचा आहे, त्यामुळे नाव कोरायला देताना तो भाग सोडायला सांगा. तसंच पोकळ पाटली असेल तर पत्र्याची जाडी विचारा. 0.25 मिमीच्या पत्र्यात 0.1 मिमीची रेघ चाळीस टक्के जाडी खाते. अशा पाटलीवर फक्त उथळ छिलाई घ्यावी, आणि पावतीवर तेवढाच शब्द लिहून घ्यावा.