गरबा संपला, पोटऱ्या उरल्या: मालीशचे अनुभव सांगा (बडोदा)

शरद पूनमेचा शेवटचा गरबा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी जिना खेकड्यासारखी आडवी उतरले. लेकीला कीव आली, तिनं अलकापुरीतल्या एका स्पाचं कूपन हातात ठेवलं. तिथे पाटीवर स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, बाली, अभ्यंग, शिरोधारा. आपल्याला ठाऊक एकच, दिवाळीतलं पाटावरचं. डीप टिश्यू हे नाव भरभक्कम वाटलं, त्यावर बोट ठेवलं. स्पातल्या मुलीनं दोनदा विचारलं, "प्रेशर बराबर छे?" मी दात आवळून, "हा बेन, बराबर छे." का, तर तिला वाईट वाटायला नको! दोन दिवस भाकरी थापायला हात उठला नाही. तर मंडळी, तुम्ही काय काय करून घेतलंत, आत नेमकं काय होतं, पैसे वसूल झाले का, लिहा. लाजू नका, कपड्यांचंही लिहा.

मांजलपूरहून

मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून आधी नावांचा घोळ निस्तरते. स्वीडिश म्हणजे तेल लावून लांब हात फिरवणं, कणकेसारखं तिंबणं, मग हलक्या थापट्या. नाव स्वीडिश, पण त्या हातांना नावं फ्रेंच, आणि ती रूढ केल्याचं श्रेय देतात डच डॉक्टर मेझगर (१८३८–१९०९) यांना. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हेच घ्यावं. डीप टिश्यूत हात सावकाश चालतो, अंगठा, कोपर रुतवतात, स्नायूच्या आडवंही जातात. दिवस-दोन दिवस ठणकणं चालतं, निळेकाळे डाग पडले तर जास्त झालं. ताई, तुमचं चुकलं ते "बराबर छे" म्हणण्यात. तिला तुमच्या आतलं कसं दिसणार?

कपडे तुम्हाला चालतील तेवढेच काढायचे. अंगावर चादर असते, जो भाग चालू असेल तेवढाच उघडा करतात. तसं करत नसतील तर उठून यायचं.

आणि "विषारी द्रव्यं निघून जातात" म्हणाले तर हसून सोडून द्या. नाचून साठलेलं लॅक्टिक ॲसिड तास-दीड तासात शरीर आपलं आपणच निस्तरतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात तोवर ते कधीच गेलं होतं!

दांडिया बाजारातून

आमच्या वेळी स्पा नव्हता, आखाडा होता. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात हाड बसवून घ्यायला लोक येत. आमच्या ओळखीचे एक वस्ताद होते. पाय मुरगळून आलेल्याला ते आधी चार पावलं चालायला लावत. मग घोट्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघत, ऊन लागतं का. लागलं तर तेलाची वाटी परत आत. "आज नाही, थंड पाणी मार." आम्हा पोरांना वाटे, म्हातारा कामचुकार आहे.

वाघोडिया रोडवरून

थाई. मी टॉवेल घेऊन गेलो, तर त्यांनीच ढगळ सदरा-पायजमा दिला. तेल नाही, टेबल नाही, जमिनीवर गादी. दाबणं कमी, ताणणं जास्त; आपण काहीच न करता आपली योगासनं होतात म्हणा ना. युनेस्कोनं २०१९ मध्ये ही विद्या वारशाच्या यादीत घेतली, हे तिथल्या भिंतीवर वाचलं. माझी चूक एकच, तासभर आधी सेव उसळ खाल्ली, वर जादा तरी. गुडघे पोटाशी आणून तिनं वजन टाकलं तेव्हा उसळ गळ्याशी आली. पाठ मात्र मोकळी झाली, खोटं कशाला बोलू.

कारेलीबागेतून

वैद्यांकडे सात दिवस अभ्यंग. लाकडी द्रोणी, दोन बाजूंना दोन बायका, एका तालात हात. कोमट तिळाचं तेल. डोकं, कान आणि तळवे यांना जास्त वेळ. मग पेटीत बसवून वाफ, मुंडकं तेवढं बाहेर. तिसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं, तर नाडी बघून घरी पाठवलं, त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. शिरोधारेचं विचारू नका, कपाळावर धार सुरू झाली आणि मी घोरायला लागले. जुने कपडे घालून जा. ॲक्टिव्हाच्या सीटवर माझा तेलकट ठसा अजून आहे.

रावपुऱ्यातून

बाळंतपणात मालीशवाल्या मावशी माझ्यासाठी देवी होत्या. बाळावरून भांडण झालं. मोहरीचं तेल लावलं, अंगभर पुरळ उठलं. बाळाच्या डॉक्टरांनी ते बंद केलं, नाकाकानात तेल सोडणंही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग खोबरेल आलं आणि पुरळ बसलं. मावशी खोबरेल चोळताना "आजकालची पोरं नाजूक" म्हणायच्या ते म्हणायच्याच.

प्रतापनगरहून

लेकाकडून परदेशातून आलो, विमानात तासन्‌तास बसून. हिची डावी पोटरी दुखायला लागली. घरी येणाऱ्या मालीशवाल्या बेनना बोलावलं, तेल कोमट करून ठेवलं. त्यांनी हिचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला लावले, बघितलं, डाव्यावर हात टेकवला आणि लगेच उचलला. "काकी, आ पग सूजेलो छे, गरम पण छे. हुं हाथ नहीं लगाडुं, डॉक्टरने बतावो." मी चिडलो, म्हटलं रिक्षाभाड्यासाठी नाटकं करतात. संध्याकाळी सोनोग्राफी झाली, आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. डॉक्टर म्हणाले, चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, जोराची मालीश बंद. दिवाळीला त्या बेनना साडी नेऊन द्यायची आहे. तेलाची ती वाटी चार दिवस ओट्यावर तशीच होती, उचलायला आमच्यातलं कुणी धजेना.

धागाकर्ती

सगळं वाचलं. शिंप्याची टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. साडेतेरा, साडेतेरा.