मदत हवी आहे: जपानी स्विफ्टच्या स्प्रिंगा आपल्या स्विफ्टला बसतील का? (आणि तारे नक्की किती?)

नमस्कार मंडळी,

गाडी २०२४ची स्विफ्ट, पेट्रोल, मॅन्युअल, आपल्याकडे विकली जाते तीच. वळणावर जरा झुकते म्हणून स्प्रिंगा बदलायचं खूळ डोक्यात शिरलं. जपानहून माल पाठवणाऱ्या एका साइटवर 'स्विफ्ट, २०२३पासून पुढे, ३० मिमी खाली' असा संच सापडला, कार्टमध्ये टाकला. पैसे भरायच्या आधी सहज तिथल्या गाडीचे आकडे उघडले आणि हात थांबला.

लांबी दोघींची ३८६० मिमी. पण रुंदी माझीची १७३५, तिकडची १६९५. उंची माझी १५२०, तिची १५००. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट जमिनीपासून किती वर) माझा १६३ आणि तिचा १२०! टायर माझे १८५/६५ आर१५, तिचे (वरच्या मॉडेलला) १८५/५५ आर१६. इंजिनाचं नाव तेवढं एकच, झेड१२ई, तीन सिलिंडर. त्यांच्याकडे सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअर) आहे, माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या मोटरची जोड) आहे, चारही चाकं ओढणारी आवृत्तीसुद्धा आहे. आपल्याकडे मॅन्युअल नाहीतर एएमटी (मॅन्युअल गिअरच, पण आपोआप बदलणारा), आणि वर सीएनजी.

त्यात मावसभावाने तेल ओतलं. आधी स्क्रीनशॉट पाठवला, युरो एनकॅपमध्ये (गाड्या आपटून सुरक्षेचे तारे देतात ती युरोपातली चाचणी) स्विफ्टला तीन तारे. अर्ध्या तासाने दुसरा, ऑस्ट्रेलियात एक तारा. दोन्ही २०२४चेच. खाली लिहिलंय, "यातली तुझी कुठली रे?"

तर स्प्रिंगा घेऊ का? आणि परदेशातली माहिती वाचताना यातली आपली किती धरायची? जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

निम्मी टाकी:
थांबा, पैसे भरू नका. '३० मिमी खाली' म्हणजे कुठून खाली? तिकडच्या उंचीपासून. तुमची गाडी मुळात उंच उभी आहे, म्हणजे तुमच्याकडे ती तीसपेक्षा जास्त बसणार. पहिल्याच गतिरोधकावर आवाज ऐकाल.

पानापेटी:
स्पेअर पार्टच्या धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी क्लिअरन्स. १६३ वजा १२० म्हणजे ४३ मिमीचा फरक, पण तो सगळा स्प्रिंगेचा समजू नका. टायरचा हिशोब करा. १८५/६५ आर१५चा व्यास साधारण ६२१ मिमी, १८५/५५ आर१६चा ६१०. जमिनीपासून गाडी उचलली जाते ती अर्ध्या फरकाने, म्हणजे पाच-सहा मिमी. छत वर गेलंय वीसच मिमी. तर स्प्रिंग आणि शॉकअपच्या वाट्याला चौदा-पंधरा आले. बाकीचं पोटाखालच्या भागांत आणि मोजणीत गेलं. पण तेवढ्यानेही तुमच्या संचाचा बोऱ्या वाजतो, कारण ३० अधिक १४ म्हणजे चव्वेचाळीस मिमी खाली. शॉकअप मात्र उंच गाडीचा तसाच. त्याचा दांडा सतत आत दबलेला राहील, महिन्याभरात खडखड सुरू.

आता रुंदीची गंमत, ती मला फार आवडते. जपानमध्ये ४७०० मिमी लांब, १७०० मिमी रुंद, २००० मिमी उंच आणि पेट्रोल असेल तर २००० सीसी, या चौकटीत बसणारी गाडी 'पाच नंबर'. एक माप जरी ओलांडलं की 'तीन नंबर'. नंबर प्लेटवरच्या छोट्या आकड्यावरून ते लगेच कळतं. १६९५ हा आकडा उगाच आलेला नाही, रेषेच्या पाच मिमी अलीकडे गाडी नेऊन उभी केलीय. मागच्या पिढीची स्विफ्ट स्पोर्ट १७३५ रुंद होती, म्हणून ती तिकडे तीन नंबरात गेली.

आपली पट्टी मात्र लांबीला लावलेली. २००६च्या अर्थसंकल्पात ४००० मिमीच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्क्यांवर आणलं. स्विफ्ट आपल्याकडे २००५मध्ये आली ती १.३ लिटर घेऊन. लांबीत पास, इंजिनात शंभरेक सीसीने नापास! २०१०मध्ये १.२ आलं ते त्यामुळेही. डिझायरचं तर शेपूटच छाटलं. २००८ची चार मीटरच्या वर होती, २०१२ची ३९९५ मिमी. ती डिकी बघून लोक हसले, पण विकली गेली धडाक्यात. रेषा अजून तीच आहे, सप्टेंबर २०२५पासून तिच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी.

म्हणून गिऱ्हाईक दुकानात येऊन "स्विफ्टचं द्या" म्हणालं की मी पहिल्यांदा आरसी मागतो. आपल्याकडे बनलेल्या गाडीचा चासी नंबर एमए३ किंवा एमबीएचने सुरू होतो, जुन्या हंगेरियन स्विफ्टचा टीएसएमने. जपानी यादीत चासीचा छोटा कोड असतो. झेडसी३३एस दिसलं तर पान बंद करा, ती १.४ टर्बो स्पोर्ट आहे, आपल्याकडे कधी विकलीच नाही. झेडसी८३एस असेल तर ती मागची पिढी. यादीत तुमचा कोड नाही, तर तो पार्ट तुमचा नाही. दुकानदार "बसेल हो" म्हणाला तरी.

कडक चहा:
एवढा विचार कशाला? सरळ आहे. बाहेरची लोखंडाची, आपली पत्र्याची. तीन तारे त्यांना, डबा आपल्याला.

काचेतून:
@कडक चहा, तसं असतं तर सोपं होतं. एक तारा मिळालेली ऑस्ट्रेलियातली स्विफ्ट जपानमध्येच बनलेली आहे. युरोप आणि ऑस्ट्रेलिया चाचणीची पद्धत जवळपास सारखीच वापरतात, बऱ्याचदा एकमेकांचे निकालही उचलतात. इथे ते जमलं नाही, कारण युरोपात जाणारी गाडी आणि ऑस्ट्रेलियात येणारी गाडी एकसारखी नव्हती. म्हणून तिकडे वेगळा निकाल लागला, मोठ्यांच्या सुरक्षेत युरोपात ६७ टक्के आणि ऑस्ट्रेलियात ४७. नाव तेच, वर्ष तेच.

मागच्या पिढीचं याहून विचित्र. २०१७मध्ये युरोपात साध्या गाडीला तीन तारे, जादा सुरक्षा पॅक घेतला तर चार. २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपने दोन एअरबॅगची भारतीय गाडी आपटली, दोन तारे. नियम कडक केल्यावर २०२२मध्ये पुन्हा आपटली, एक. २०२१मध्ये लॅटिन एनकॅपमध्ये शून्य, आणि तिथे विकली जाणारी गाडी भारत आणि जपान दोन्हीकडे बनत होती. तारा मिळतो तो त्या देशात त्या वर्षी विकल्या गेलेल्या गाडीला. धागाकर्त्यांच्या गाडीत सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आहेत, हे मागच्यापेक्षा चांगलंच. पण म्हणून युरोपचे तीन तारे तिच्या काचेवर चिकटवता येत नाहीत. २०२४च्याच डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच मिळाले, तेही स्विफ्टच्या खात्यात जमा करू नका. मावसभावाला कळवा, दोन्हीपैकी एकही नाही.

कडक चहा:
बरं, पत्र्याचं मागे घेतो. पण मायलेजचं काय? आपली एएमटी २५.७५, त्यांची हायब्रिड सीव्हीटी २४.५. साधी गाडी हायब्रिडला हरवते?

निम्मी टाकी:
हरवत नाही, परीक्षा वेगळी आहे. आपल्या चाचणीत वेग ९०च्या वर जातच नाही. युरोपच्या डब्ल्यूएलटीपीत तो १३१पर्यंत जातो. जपान तीच पद्धत वापरतो, पण सगळ्यात वेगवान टप्पा गाळून. तीन वेगवेगळ्या पेपरांचे मार्क शेजारी मांडून पहिला नंबर काढायचा नसतो. हवेचा दाबही परदेशी व्हिडिओ बघून भरू नका, दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा भरा. टायरचं माप बदललं की तोही बदलतो.

काचेतून:
अवांतर: कोणी युरोपातून हेडलाइट मागवत असेल तर ब्रिटन, आयर्लंडसारखे डावीकडून चालवणारे मोजके देश सोडून बाकी देशांचा माल नको. ते उजवीकडून चालवतात, प्रकाश उजव्या कडेला वर चढतो. आपल्याकडे तोच समोरच्याच्या डोळ्यात जाईल. जपान आणि ऑस्ट्रेलिया डावीकडून चालवतात, एवढी एकच गोष्ट तरी जुळते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. कार्ट रिकामं केलं. @पानापेटी, माझा नंबर एमबीएच निघाला. तुमचा हिशोब वाचून राहवेना म्हणून टेप घेऊन गाडीखाली झोपलो. माझ्या टेपने १५८ भरले, पण डिकीत सामान होतं आणि टाकी फुल होती, त्यामुळे कुरकुर नाही. शेजारचे काका वाकून विचारत होते काय पडलंय. म्हटलं, ४३ मिमी शोधतोय.

स्प्रिंगांऐवजी मागे जाडसर अँटी रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून झुकणं रोखणारी दांडी) लावून झुकणं कमी होईल का, की नुसते चांगले टायर पुरतील? पानापेटी, आरसीचा फोटो व्यनि (खाजगी निरोप) करतो, नंबर झाकून.

पानापेटी:
आधी टायर. आणि नंबर झाकला तर मी बघू काय?