सीमाभागातील संशोधकांनी अधिछात्रवृत्तीसाठी कोणाकडे पाहावे?

खानापूरकर : बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील आपली मुले समाजशास्त्रात किंवा इतिहासात पीएच.डी.ला नाव नोंदवतात आणि मग बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या (फेलोशिपच्या) जाहिरातींकडे डोळे लावून बसतात. या अधिछात्रवृत्त्या मुळात महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत आणि आपल्या हातातला रहिवासी दाखला कर्नाटकातल्या तहसीलदाराचा असतो. माझे स्पष्ट मत असे, की केंद्राच्या योजनांकडे वळावे, कारण तेथे सीमेचा प्रश्नच उद्भवत नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएसएसआरची, डॉक्टरल फेलोशिपही आहेच.

निपाणीची वाचक : आपल्याशी मी सहमत नाही. भाषा विषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून पुढे कन्नड माध्यमातून बी.ए. झालेल्या मुलीने समाजशास्त्राचे सिद्धान्त कोणत्या भाषेत पक्के करायचे? के-सेट ही कर्नाटकाची राज्य पात्रता परीक्षा ती उत्तीर्ण झाली, तरी त्यातून प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, अधिछात्रवृत्तीचा एक रुपयाही मिळत नाही. त्यातच खुल्या प्रवर्गातील मुलग्यांना जेआरएफसाठी तिशीची अट आहे. महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांवर हक्क सांगितला, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत सीमाभागासाठी जागा ठेवल्या. मग तोच न्याय सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांना सरसकट लावावा, ही मागणी गैर कशी?

अनगोळकर : मागणी रास्त आहे, पण अर्ज नाकारले जातात ते केवळ दाखल्यामुळे किंवा भाषेमुळे नव्हे. 'सीमाभागातील मराठी भाषकांच्या समस्या : एक अभ्यास' अशा मथळ्याचे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधन आराखडे, पाहिले की परीक्षक पहिल्याच पानावर विचारतो, नेमका प्रश्न कोणता? त्याऐवजी निपाणीत घरी विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी कशी ठरते, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कोण सोसते, हिशेबाची वही कोणाकडे असते, असे विचारले की उद्दिष्टे आणि नमुना निवड आपोआप ठरत जातात. १९८१च्या तंबाखू आंदोलनाच्या गावाला विषयांचा तोटा नाही. आणि दिल्लीच कशाला, आयसीएसएसआरचे अनुदान मिळणारी सीएमडीआर ही संशोधन संस्था धारवाडला आहे आणि आयसेक ही दुसरी बंगळूरला. (तेथील जाहिराती आपल्याकडे कोणी वाचत नाही, हे मात्र खरे.)

खानापूरकर : भाषेचा मुद्दा मान्य. तरीही राज्य सरकारचा निर्णय होईपर्यंत मुलांनी वय वाढू द्यावे, हे मला पटत नाही. नेट वर्षातून दोनदा होते. मागणी आणि तयारी दोन्ही एकाच वेळी करता येतात.

निपाणीची वाचक : करता येतात, पण कोणाला? आयसीएसएसआरच्या फेलोशिपसाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते, म्हणजे शुल्क, गाईड आणि विद्यापीठाच्या खेपा आधी, पैसा नंतर. दरम्यान घर चालावे म्हणून आपली बहुतेक मुले पदवी महाविद्यालयात अतिथी व्याख्याता म्हणून शिकवतात. पूर्णवेळ फेलोशिप घ्यायची तर ते मानधन सोडावे लागते, आणि दोन वर्षांनी ती संपली की तीच जागा परत मिळेल, असे कोणीही लिहून देत नाही. अनगोळकर, सिनॉप्सिस सुधारता येईल. या मधल्या काळाच्या खर्चावर आपल्याकडे काही उपाय आहे का?