आईच्या ओव्हरी कॅन्सरचा फॉलोअप: दरवेळी पेट स्कॅन लागतो का, आणि खर्च कसा भागवता?

कराडचा_पोरगा: नमस्कार मंडळी. आई ५८ची, ओव्हरीचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन, केमो सगळं झालं, आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जातो. सीए-१२५ (रक्तातली कॅन्सरची खूण बघायची टेस्ट) मागच्या वेळी ११ होतं यावेळी १९ आलं. डॉक्टर म्हणाले ३५च्या आत आहे, काळजी नको, पण घरात सगळ्यांची झोप उडालीय आणि मेहुणे म्हणतायत पेट स्कॅन (अंगभर कॅन्सर शोधणारा) करूनच टाका. केमो महात्मा फुले योजनेतून झाली, पण आता तपासण्या खिशातून चालल्यात, मेडिक्लेमवाले म्हणतात अ‍ॅडमिट असाल तरच. काय करावं?

नाडीवाली_मावशी: अरे बाळा, ११ चं १९ म्हणजे काही नाही. लॅब बदललीस का? मशीन बदललं की आकडा हलतो, म्हणून एकच लॅब धर. माझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं, ३५ची दुप्पट म्हणजे ७०च्या वर गेलं आणि आठवडाभराने परत केल्यावरही तसंच आलं तर खरी वाढ धरायची. त्रास नसताना, आकडा ठीक असताना दरवेळी पेट कशाला? माझं परत आलं तेव्हा आधी परकराची नाडी घट्ट व्हायला लागली, दोन घास खाल्ले की पोट गच्च. आईला हे विचारत जा, ती आपणहून सांगायची नाही.

लॅबवाला_नित्या: मावशींशी सहमत. २०१०ला लॅन्सेटमध्ये ५२९ बायकांचा अभ्यास आलाय, नुसता आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू केलेल्या आणि त्रास होईपर्यंत थांबलेल्या, दोघी किती जगल्या यात फरक पडला नाही, पहिल्यांची केमो मात्र जवळपास पाच महिने आधी सुरू झाली.

सुलभा_पुणे: पण नित्या, तेवढ्यावरून टेस्ट बंद करा असं कुणी समजू नये हं. २०२१च्या डेस्कटॉप-३ अभ्यासात कॅन्सर परत आलेल्या निवडक पेशंटना परत ऑपरेशन करून फायदा दिसलाय, म्हणजे वेळेत कळण्याला काही केसमध्ये अर्थ आहे. हे तुमच्या ऑन्कोलॉजिस्टलाच विचारा, मेहुण्यांना नको 😄

पैशाचं सांगते. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर ८०डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वजावट मिळते (पेशंट साठीच्या पुढे असेल तर एक लाख), स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. रेल्वेत कॅन्सर पेशंटला चेकअपला जातानाही स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट फुकट, सोबतच्याला सवलत, फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत गरीब पेशंटसाठी खाटा राखीव असतात, तिथल्या सोशल वर्करला भेटा, लाजू नका. आणि बीआरसीए टेस्ट (कॅन्सरचा धोका वाढवणारा घराण्यातून येणारा जीनमधला दोष बघायची) झालीय का? पैसे घालायचेच तर तिथे घाला, औषध ठरवायला उपयोग होतो, शिवाय तुला बहीण असेल तर तिच्यासाठीही.

कराडचा_पोरगा: लॅब बदललीच होती हो मावशी, बिल दीडशेनं कमी येत होतं म्हणून. बीआरसीएचं कुणी बोललंच नाही, बहीण आहे, तिशीची. सोमवारी फाईल घेऊन जातो, पेटचं तूर्तास कॅन्सल.